कुणाची सुरमई मोठी

चौतीस वर्षं मी शाळेत इंग्रजी शिकवलं आणि दरवर्षी नाताळच्या सुट्टीआधी विशेषणांच्या तीन पायऱ्या फळ्यावर काढल्या. खालच्या पायरीवर टॉल, मधल्या पायरीवर टॉलर, सगळ्यात वर टॉलेस्ट. मग वर्गातली तीन मुलं उंचीप्रमाणे समोर उभी करायची. बुटका रडकुंडीला यायचा, पण धडा त्याच्या कायमचा लक्षात राहायचा. मला त्यात काही वावगं वाटत नसे. तुलना केल्याशिवाय माणूस हलत नाही, असं माझं ठाम मत होतं. लहानपणी आईने मला थोरल्या बहिणीच्या नावाने इतकं टोचलं होतं, की निव्वळ ईर्ष्येपोटी मी इंग्रजी घेऊन बी.ए. झाले. टोचण्याचा फायदा होतो याचा पुरावा म्हणून मी स्वतःकडेच बोट दाखवायचे.

निवृत्त झाल्यावर दादरच्या दोन खोल्या विकून आम्ही दोघं मीरा रोडला, बेव्हर्ली पार्कात आलो. इथे शेजाऱ्यांशी हिंदी, वाण्याशी हिंदी, लिफ्टमध्ये मोडकीतोडकी गुजराती. पोटभर मराठी बोलायला मिळायचं ते संध्याकाळी, सोसायटीच्या मागच्या कोपऱ्यावर. तिथे पाच-सहा कोळणी रांगेने पाट्या मांडून बसायच्या. त्यातली एक भाईंदरजवळच्या पाली गावाहून यायची, पस्तिशीची, हाताला चपळ आणि तोंडाने कमी. नवऱ्याच्या होडीचं म्हावरं विकायची. मी शिक्षिका होते हे कळल्यापासून ती मला बाई म्हणायला लागली, आणि मी तिला तिच्या शाळकरी पोरीच्या वयाची समजून दटावायला लागले. तेवढाच माझा जुना सराव चालू राहायचा.

एका डिसेंबरात बोंबील साफ करता करता ती मान वर न करता म्हणाली, "बाई, इंग्रजी शिकवाल?"

"पाठव मुलीला. कितवीत आहे?"

"मुलीला न्हाय. मना."

मग विळीवरचा हात थांबवून तिने सगळं सांगितलं. सकाळी ती गावातल्या अंगणवाडीत मदतनीस होती. नऊ वर्षं. खिचडी तिने शिजवायची, फरशी तिने पुसायची, रडणारं पोर तिच्याच कडेवर गप्प व्हायचं. तिथल्या सेविका पावसाळ्यात निवृत्त होणार होत्या आणि त्यांची जागा तिला मिळू शकत होती, पण त्यासाठी बारावी पास हवं. बाहेरून फॉर्म भरून तिने बाकीचे सगळे विषय काढले होते. इंग्रजी तेवढं राहिलं होतं. गेल्या खेपेला थोडक्यात गेलं, आणि तेही तोंडी परीक्षेत.

"या टायमाला न्हाय झालं तर बाहेरची कोन तरी येईल," ती म्हणाली. "मंग गानी ती शिकवील, आनि झाडू मी मारीन. जल्मभर."

माझ्या हाताखालून गेलेलं पोर इंग्रजीत नापास होत नाही, हा माझा जुना तोरा. मी म्हटलं, "उद्या घरी ये."

ती आली नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. तिसऱ्या दिवशी मी तणतणत खाली गेले तेव्हा कळलं, की दोन्ही दिवस ती आमच्या गेटपर्यंत आली होती आणि परत गेली होती. पाटी बघून वॉचमन कपाळाला आठ्या घालतो, लिफ्टमध्ये शिरलं की लोक नाकाला रुमाल लावतात, आणि रांग उठून गेल्यावर रिकामी पाटी रस्त्यावर कुणाच्या भरवशावर टाकायची? मला वॉचमनचा राग आला, सोसायटीचा आला आणि थोडा तिचाही आला. बोलायला काय झालं होतं हिला? शेवटी शाळाच खाली न्यायची ठरवली. तिच्या मागे प्लॅस्टिकचा क्रेट उपडा टाकला, त्यावर जुनी चादर घातली आणि मी बसले. मासळीबाजारात ठाण मांडून बसलेली निवृत्त शिक्षिका! येणारीजाणारी माणसं मलाच भाव विचारायची. एकाला तर मी चुकून सांगितलाही.

पोरगी हुशार होती. हे मी सहजासहजी कुणाला म्हणत नाही. गिऱ्हाईक असलं की विळी चालायची, गिऱ्हाईक गेलं की पदराला हात पुसून वही उघडायची. वहीला तिने दुधाच्या पिशवीचं कव्हर घातलं होतं, तरी पानापानावर एखादा खवला चिकटलेला असायचाच. काळ पंधरा दिवसांत झाले. पत्रलेखन झालं. मी दिलेला उतारा ती दुसऱ्या दिवशी पाठ करून यायची, आणि मी म्हणायचे, "पाठ नको करू गं, समजून घे," तर तेही करून यायची. मनातून मी खूश होते. चेहऱ्यावर येऊ देत नव्हते, एवढंच.

मग विशेषणांच्या पायऱ्या आल्या. फळा नव्हता, पण फळ्याची गरजच काय होती? समोर तिची पाटी होती. मी तिच्याच तीन सुरमया ओळीने लावल्या. बिग, बिगर, बिगेस्ट. कोळंबीचे तीन वाटे केले. फ्रेश, फ्रेशर, फ्रेशेस्ट. ती धडाधड म्हणत गेली. कालचं पापलेट आणि आजचं पापलेट, होडी आणि ट्रॉलर, पाली आणि भाईंदर. एकही चुकली नाही. म्हटलं, चला, आता परीक्षेत विचारतात तसं विचारू. तिच्या शेजारी एक म्हातारी कोळीण बसायची, सगळ्या रांगेची मावशी. मी मावशीच्या पाटीकडे बोट केलं.

"सांग, कुणाची सुरमई मोठी? तुझी की मावशीची? इंग्रजीत."

ती गप्प.

"अगं, आत्ताच म्हणालीस ना? माय फिश इज बिगर दॅन..."

ती वहीकडे बघत राहिली. तिची सुरमई दीड हात होती, मावशीची जेमतेम हातभर. आंधळ्यालाही दिसलं असतं.

"बरं, मासा सोड. कुणाचं म्हावरं ताजं?"

गप्पच. मी तीन वेळा विचारलं. चौथ्या वेळी माझा पारा चढला, आणि मी भर बाजारात, भर गर्दीत, चौतीस वर्षांच्या सवयीने ओरडले, "एवढं साधं येत नाही? माझी पाचवीतली पोरं बरी तुझ्यापेक्षा!"

तिचे कान लाल झाले. रांगेतल्या बाकीच्या बायका एकदम माशांवर पाणी मारायला लागल्या. मावशीने मात्र तोंडातली मशेरी बाजूला थुंकली आणि माझ्याकडे वळून म्हणाली, "बाय, तिला येतंय. पन ती बोलनार न्हाय."

"का नाही बोलणार?"

"शेजारनीच्या पाटीला नाव ठेवायचं नसतं. इथं कोनीच ठेवीत न्हाय."

मी म्हटलं, नाव कुठे ठेवायचंय, नुसतं मोठं-लहान म्हणायचंय. मावशी हसली. "माझी मोठी म्हनली म्हनजे तिची ल्हान झालीच ना?"

मग तिने मला समजावून सांगितलं, मी जसं पाचवीतल्या पोरांना समजावते तसं. गिऱ्हाईक दिवसातून शंभरदा विचारतं, कुणाचं चांगलं? रांगेतल्या कुठल्याही बाईने उत्तर द्यायचं ते एकच, सगळ्यांचं सारखं. कारण दर्याचा नेम नाही. गेल्या वर्षी मावशीच्या मुलाची होडी बिघडून दहा दिवस किनाऱ्यावर पडली होती. त्या दहाही दिवस या पोरीने रोज आपल्या पाटीतलं अर्धं म्हावरं मावशीच्या पाटीत ओतलं, म्हणून मावशीची जागा आणि गिऱ्हाईक टिकलं. "मंग त्या दिसी कोनाची पाटी मोठी व्हती?" मावशीने विचारलं.

मला एकदम शंका आली. मी पोरीला विचारलं, "गेल्या वर्षी तोंडी परीक्षेत काय विचारलं होतं?"

तिने खालच्या मानेने सांगितलं. समोरच्या सरांनी फॉर्म बघून प्रेमानेच विचारलं होतं, तुम्ही मासे विकता का, मग तुमचे मासे चांगले की शेजारणीचे? ती गप्प बसली. सरांना वाटलं, प्रश्न कळला नाही. त्यांनी पुन्हा विचारला, सावकाश, लहान मुलाला विचारतात तसा. तिला लाज वाटली, डोकं बधिर झालं, आणि पुढच्या सोप्या प्रश्नांनाही तोंड उघडेना. बिचाऱ्या सरांनी तरी काय करावं? गप्प बसलेल्या माणसाला मार्क कुठून द्यायचे?

"अगं वेडे," मी कपाळावर हात मारला, "ती परीक्षा होती, बाजार नव्हता! मावशी थोडीच तिथे ऐकायला बसली होती?"

"मावशी न्हवती," ती म्हणाली. "मी व्हते ना."

त्या दिवशी मी मासे न घेताच घरी आले. जिन्यातच बहिणीचा फोन आला. तिच्या नातवाला कुठल्याशा परीक्षेत पंच्याण्णव टक्के पडले होते, आणि ते सांगून झाल्यावर तिने हसत विचारलं, "आणि तुझ्याकडे हल्ली कोण शिकायला? कोळीण ना?" माझ्या जिभेवर उत्तर तयार होतं. तुझ्या नातवापेक्षा हजार पटीने, असं त्याचं पहिलं अर्धं होतं. ते मी गिळलं. म्हटलं, "हो, कोळीण. खूप छान शिकते." बहीण म्हणाली, "तुझी तब्येत बरी आहे ना?" साठ वर्षांत मी तिला पहिल्यांदाच उलट टोचलं नव्हतं.

रात्रीच्या जेवणात आमटीभात होता, नवऱ्याने तोंड वाकडं केलं, आणि मी विचार करत बसले. तिच्या तोंडून 'माझी मोठी' काढायचा नाद सोडायला हवा, हे तर उघड होतं. ती ते म्हणणार नाही, आणि खरं सांगायचं तर तिने ते म्हणावं असं मलाही आता वाटत नव्हतं. पण परीक्षेत गप्प बसून कसं चालेल? हात धुताना सुचलं, आणि इतकं साधं सुचलं की चौतीस वर्षांत ते का सुचलं नाही याची मला शरम वाटली. मोठं कुणालातरी म्हणायचंच असेल, तर समोरच्याला म्हण की!

दुसऱ्या दिवशी मी क्रेटवर बसल्या बसल्या सांगितलं, "आजपासून स्वतःचं काही मोठं म्हणायचं नाही. मावशीचं म्हण."

तिने डोळे मिचकावले. मावशीच्या पाटीकडे पाहिलं. आणि मग जी सुरू झाली! मावशीची मांदेली माझ्यापेक्षा ताजी. मावशीचा हात माझ्यापेक्षा चपळ. मावशीचा आवाज अख्ख्या बाजारात मोठा. मावशीची साडी माझ्यापेक्षा नवी, मावशीचं सोनं माझ्यापेक्षा जड. सगळं इंग्रजीत, न अडखळता, न थांबता. मावशी मधेच ओरडली, "काय बोलतेय गो ही?"

"तुमची स्तुती करतेय," मी म्हटलं.

"बस कर बाय! तिचं म्हावरं कोन घेनार मंग?"

रांगभर हशा पिकला. त्यानंतर दोघी सारख्याच, हिच्याइतकीच ती, हे वाक्य शिकवलं. ॲज फ्रेश ॲज. हे वाक्य तिला फारच आवडलं. वहीच्या पहिल्या पानावर तिने ते लिहून ठेवलं आणि भोवती चौकट काढली. मी मात्र आठवडाभर वर्गातल्या त्या बुटक्या मुलांना आठवत राहिले. त्यांना म्हणता येतील अशी कितीतरी वाक्यं होती, ती मी शिकवली नव्हती.

फेब्रुवारीत तोंडी परीक्षा आली. भाईंदरच्या एका कॉलेजात. मी बरोबर गेले, जायची काही गरज नव्हती तरी. अबोली रंगाची साडी, केसात गजरा, आणि हातांना लिंबू चोळचोळून आली होती. आजूबाजूला सगळी सतरा-अठराची पोरं. एकीने तिला विचारलं, "आंटी, आपका बेटा अंदर है क्या?" ती हसून म्हणाली, "नहीं, मैं ही हूँ." तिचा नंबर आला. दार बंद झालं. मी जिन्यात बसले आणि देवाचं नाव घेतलं, जे मी स्वतःच्या परीक्षेलाही घेतलं नव्हतं.

पाच मिनिटं झाली. आतून काही ऐकू येईना. ती गप्प बसली, अशी माझी खात्रीच झाली. आणि तेवढ्यात आतून हसण्याचा आवाज आला, एकाचा नाही, दोन-तीन माणसांचा, मोकळा.

दार उघडून ती बाहेर आली ती सरळ माझ्या अंगावरच. मला जिन्यातच मिठी मारली. लिंबाखालून माशांचा वास आलाच, आणि मला तो इतका बरा वाटला, की काय सांगू. परीक्षक या वेळी दुसरे होते, एक सर आणि एक मॅडम. पण फॉर्म तोच, त्यामुळे प्रश्नही जवळजवळ तोच. सरांनी विचारलं, तुमच्या बाजारात सगळ्यात चांगले मासे कुणाचे?

"मंग?" मी तिच्याच बोलीत विचारलं.

"मी बोलले, माय नेबर्स फिश इज ॲज फ्रेश ॲज माइन. पन तिचा अनुभव माझ्यापेक्षा मोठा हाय. तिचं मन सगल्यांपेक्षा मोठं हाय. मंग सर बोलले, तसं असेल तर मी तुमच्याकडून कशाला घ्यावं?"

"मग तू काय म्हणालीस?"

"बाय हाफ फ्रॉम हर, सर. हाफ फ्रॉम मी."

तेव्हा ते हसले होते. मग मॅडमनी मासे साफ कसे करतात ते विचारलं आणि हिने अर्धा डझन वाक्यांत सांगितलं. वर, मॅडमनी विचारलं नसताना, मांदेली कशी तळायची तेही सांगितलं. मी जिन्यात उभी राहून टाळ्या वाजवल्या. सतरा वर्षांची पोरं बघत राहिली. बघू देत!

लेखी पेपर मार्चमध्ये झाला. निकाल लागला तो मे संपता संपता, दुपारी, पण साइट काही उघडेना. संध्याकाळी ती पाटी घेऊन तशीच आली. तिची बोटं ओली, फोन बोटांना दाद देईना. पदराला पुसून पुन्हा लावली, पुन्हा नाही. शेवटी मी फोन घेतला, चष्मा चढवला आणि तिचा परीक्षेचा नंबर दाबला. गोल फिरणारं ते चक्र किती वेळ फिरलं देव जाणे. रांगेतल्या सगळ्या बायका विळ्या सोडून माझ्याभोवती उभ्या होत्या. पाट्यांवर माशा बसत होत्या, गिऱ्हाइकं हाका मारत होती, आणि कुणी लक्ष देत नव्हतं.

इंग्रजीत एकसष्ट. पास.

मी ओरडले की ती ओरडली, आठवत नाही. ती मटकन माझ्या क्रेटवर बसली आणि ओल्या हातांनी तोंड झाकून रडली, आणि मीही, चष्मा काढायचं भान न ठेवता. नेमणुकीचं पत्र यायला पुढे जुलै उजाडला. आता पालीची पोरं तिलाच बाई म्हणतात, आणि गाणी तीच शिकवते. झाडूही मारते म्हणे, कारण नव्या मदतनिसाला एकटीने मारू द्यायला तिला बरं वाटत नाही. पण त्या संध्याकाळी पत्राची आठवण कुणाला होती?

गर्दीतून एक गृहस्थ पुढे आले. हातात पिशवी, ऑफिसातून थेट आलेले. त्यांनी मावशीला नेहमीचा प्रश्न विचारला, "मौसी, सबसे अच्छा किसका है?"

चाळीस वर्षं मावशी या प्रश्नाला बसल्या जागेवरून उत्तर देत आली होती. त्या दिवशी ती गुडघ्यावर हात टेकून उभी राहिली. तिने रडणाऱ्या पोरीच्या डोक्यावर खवल्यांनी भरलेला हात ठेवला आणि अख्ख्या रस्त्याला ऐकू जाईल असं म्हणाली, "म्हावरा सबका सेम हाय, सेठ. पन इस लाइन में सबसे हुशार कोन पूछेगा ना, तो ये! सबसे, सबसे हुशार!"

"मावशे, गप ना," पोरगी पदराआडून म्हणाली.

"का गप? तू बोलायचं न्हाय. मी बोलनार!"

मी रांगेतल्या बाकीच्या बायकांकडे पाहिलं. त्यांच्यातल्या एकीने तरी तोंड वाकडं करावं, निदान मान फिरवावी, अशी माझ्या जुन्या डोक्याची अपेक्षा होती. चौघी एकदम म्हणाल्या, "हाय! हाय!"

त्या गृहस्थांना काय चाललंय ते काही कळलं नाही. ते थोडा वेळ उभे राहिले, सगळ्यांच्या तोंडाकडे बघून आपणही हसले, आणि अर्धी कोळंबी मावशीकडून, अर्धी तिच्याकडून घेऊन गेले.